जुन्या दगडी शाळेचं राहतं घर: भिंती, कैच्या, ओल, परवानग्या (नाशिक)

रविवार_कारंजा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पंचवटीतली एक जुनी प्राथमिक शाळा राहत्या घरात बदलायची आहे. पट कमी होऊन बंद पडलेली, विश्वस्त संस्थेच्या मालकीची इमारत. मापं अशी:

- ओळीत तीन वर्ग, प्रत्येक आतून २४ × २० फूट. भिंती काळ्या पाषाणाच्या, दोन फूट जाड, चुन्यातल्या.
- जोतं अडीच फूट. आतल्या फरशीपासून भिंतीच्या माथ्यापर्यंत १४ फूट.
- प्रत्येक वर्गावर दोन सागवानी कैच्या (छत पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी), आठ-आठ फुटांवर. वर मंगलोरी कौलं, उतार साधारण ३० अंश.
- पुढे आठ फुटी पडवी. मागे नंतर जोडलेली सहा फुटी पडवी, तिच्यावर सिमेंटचे पत्रे.
- शहाबादी फरशी, चार फुटांपर्यंत ऑइल पेंट, शौचालयं आवाराच्या मागच्या कोपऱ्यात. आवारात पेव्हर ब्लॉक.

हवं ते: बैठक, स्वयंपाकघर, दोन निजायच्या खोल्या, दोन संडास-बाथरूम, जमल्यास पोटमाळा. एका आराखड्यात मधल्या दोन्ही भिंती काढून सलग दालन केलंय आणि कैचीची खालची आडवी तुळई कापून आढ्यापर्यंत मोकळी उंची घेतलीय. हे चालेल का?

ओळंबा

नाही. दोन्ही गोष्टी आराखड्यातून आजच काढा.

कैचीचे दोन तिरके पाय कौलांचं ओझं घेऊन खाली येतात आणि भिंतींचे माथे बाहेर ढकलतात. आडवी तुळई त्या दोन पायांना बांधून धरते. ती कापली की सगळा रेटा भिंतीवर. दोन फुटी दगडी भिंत खालच्या दिशेचं वजन कितीही पेलेल, बाहेरचा रेटा तिला सोसत नाही, कारण चुन्याच्या दर्जांना (दगडांमधल्या सांध्यांना) ताण घेता येत नाही. परिणाम लगेच दिसत नाही, एक-दोन पावसाळ्यांनी दिसतो: लांब भिंत आणि आडवी भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात वर रुंद, खाली निमुळती भेग.

मधल्या भिंतींचंही तसंच. कैच्या लांब भिंतींवर टेकलेल्या आहेत म्हणून मधल्या भिंती "नुसत्या पार्टिशन" वाटतात. पण त्याच लांब भिंतींना दर २४ फुटांवर आधार देतात. त्या गेल्या की ७० फुटांहून जास्त लांबीची, १४ फूट उंच भिंत मधे कुठेही न बांधलेली उभी राहते. आयएस १८९३ या भूकंपाविषयीच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या नकाशात नाशिक भूकंपाच्या झोन तीनमध्ये आहे. अशा ठिकाणी हे करू नये.

सलगपणा हवाय तर प्रत्येक मधल्या भिंतीत एकच दार पाडा. रुंदी चार फूट, उंची सात, कोपऱ्यापासून किमान दोन फूट लांब, शक्यतो भिंतीच्या मधोमध. तीन वर्ग एका रेषेत आरपार दिसले की घर मोठं वाटतंच.

कौलारू

तुळई काढून तिच्या जागी लोखंडी सळई घातली तर? हा सल्ला बरेच जण देतात.

ओळंबा

@कौलारू, इंजिनिअरने गणित करून दिलं तर होतं. २० फुटी गाळ्याला साधारण २० मिमीची सळई, मधे ताण देणारा टर्नबकल, दोन्ही टोकांना पायांना घट्ट पकडणारे जोड. सळई त्याच पातळीवर हवी आणि ती ताणून झाल्यावरच लाकूड काढायचं. पण इथे तुळई डोक्याच्या कितीतरी वर, १४ फुटांवर आहे. साग चांगला असेल तर ती कापण्याला कारणच नाही. साफ करून जवसाचं तेल पाजा, खोलीत तिच्यासारखी देखणी दुसरी वस्तू नसेल.

दार पाडण्याची पद्धत सविस्तर देतो, कारण अपघात इथेच होतात.

दोन फुटी भिंत म्हणजे बाहेरून-आतून घडीव दगडांचे दोन थर आणि पोटात लहान दगड-चुन्याचा भराव. ब्रेकर लावला तर भराव खाली गळतो आणि वरची भिंत पोकळ होते. म्हणून:

१. दाराच्या माथ्याच्या वर भिंतीत आरपार भोकं पाडून १५० मिमीचे लोखंडी आय-सेक्शन आडवे घाला (मिस्त्री यांना सुया म्हणतात), अंतर तीन फुटांहून कमी. दोन्ही बाजूंनी जॅक, जॅकखाली जाड फळ्या.
२. एका बाजूने भिंतीची अर्धीच जाडी कोरा. पहिला लिंटेल-बीम (दारावरची आडवी तुळई) बसवा. बीम आणि वरचा दगड यांतली फट कोरड्या, घट्ट मसाल्याने ठासा. बीम दोन्हीकडे भिंतीवर किमान नऊ इंच टेकला पाहिजे.
३. सात दिवस थांबा. मग दुसऱ्या बाजूने उरलेली जाडी. दोन फुटांच्या भिंतीला तीन बीम लागतात, एकमेकांना बोल्टने जोडलेले.
४. त्यानंतरच खालचे दगड वरून खाली, एकेक करून, हाताने काढा. निघालेले घडीव दगड दाराच्या उभ्या बाजू बांधायला परत वापरा.

काम सुरू करण्याआधी सगळ्या भेगांवर काचेच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारीख लिहा. काच तडकली तर भेग जिवंत आहे. आणि चारही कोपऱ्यांत ओळंबा सोडून वर-खालचं अंतर लिहून ठेवा.

गोदाकाठची

दगडाला हात लावण्याआधी कागद, कारण यातली एक गोष्ट अडली तर वरचं सगळं वाया.

विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत विकायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्तांचा ठराव म्हणजे परवानगी नव्हे. आदेशाची प्रत मिळवा आणि त्यातल्या अटी, मुदत वाचा.

मग मिळकत पत्रिकेवरचा सत्ताप्रकार, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धारण केलीय ते. जमीन शासनाने शिक्षणासाठी दिलेली असेल तर वापर बदलणं हा शर्तभंग ठरतो. तिथे जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी आणि नजराणा हे वेगळं प्रकरण आहे. जुना मंजुरी आदेश अभिलेख कक्षातून काढावा लागतो. संस्थेकडे तो असेलच असं धरून चालू नका.

तिसरं, महापालिकेच्या नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला. भूखंड विकास आराखड्यात सार्वजनिक-निमसार्वजनिक वापरात किंवा शाळेच्या आरक्षणात दाखवला असेल तर नुसता घराचा नकाशा मंजूर होणार नाही. आराखड्यातला बदल महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. इमारत वारसा यादीत आहे का, तेही त्याच फेरीत विचारा. असेल तर दर्शनी भागातला बदल समितीपुढे जातो.

पंचवटी म्हटल्यावर पूररेषा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला वाव नाही. दोन रेषांच्या मधे जोत्याच्या पातळीची अट येते. तुमचं अडीच फुटी जोतं नेमक्या कुठल्या पातळीला आहे, हे सर्व्हेअरकडून लेव्हल काढून नकाशावर लिहून घ्या. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी किती चढलं याच्या खुणा शेजारच्या भिंतींवर बघा. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या मापावर अख्खं गाव पूर मोजतं, पण तुमच्या उंबऱ्याचं माप तुम्हीच काढायचं.

रविवार_कारंजा

कागदांची यादी लगेच घेतो. पत्रिका काढली आहे, सत्ताप्रकार तपासतो. आता ओलीबद्दल. ऑइल पेंटचा पट्टा चार फुटांचा आणि ओल साडेचार-पाच फुटांवर दिसते. छत गळत नाही. एका ठेकेदाराने पट्ट्याच्या जागी वॉटरप्रूफ सिमेंट गिलावा सुचवलाय.

कळीचा_चुना

तो गिलावा करू नका. ओल तिथे का दिसते ते आधी बघा.

भिंतीजवळ बसून त्या पट्ट्याची वरची रेषा नीट पाहा. रेषेच्या खाली रंगाला फुगे, बोटाने दाबले तर आत भुगा. रेषेच्या लगेच वर कापसासारखा पांढरा लोणा, हाताला लागला की झडतो. जमिनीतलं पाणी दर्जांमधून आणि पोटातल्या भरावातून वर चढतं. पाषाण स्वतः फार पाणी पीत नाही, प्यायचं काम चुना करतो. मोकळ्या चुन्याच्या भिंतीतून हे पाणी फूट-दीड फुटावरच हवेत उडून जातं. ऑइल पेंटने तो रस्ता बंद केला, म्हणून पाणी पट्टा संपेपर्यंत वर चढलं आणि तिथे उडताना क्षार मागे ठेवून गेलं. आता चार फुटांवर सिमेंट लावलं तर ओल सहा फुटांवर जाईल.

बाहेर पेव्हर टाकताना आवाराची पातळी वर आली असणार. किती आली ते जोत्याच्या दगडावर मोजा. नऊ इंच वाढली असेल तर ती आधी उतरवा. पेव्हर भिंतीपासून किमान तीन फूट मागे घ्या. त्या पट्ट्यात दीड फूट रुंद, दोन फूट खोल चर, तळाला उतारावर ११० मिमीचा भोकांचा पाइप, त्याभोवती जिओटेक्स्टाइल (पाणी गाळून माती अडवणारं कापड), वर २० मिमीची खडी. चर भिंतीला चिकटून नको, दीड फूट सोडून. पायाचा तळ कुठे आहे ते एक खड्डा घेऊन आधी पाहा आणि चर त्याच्या खाली नेऊ नका. एका दमात सगळी लांबी खणायची नाही: चार-चार फुटांचे तुकडे, एक सोडून एक. काळी माती लागली तर जास्त सांभाळून, ती फुगते आणि आकसते.

आतलं काम:

पेंट काढायला कोरडं घासू नका आणि ब्लोलँप तर मुळीच नको. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, त्याची धूळ आणि वाफ दोन्ही विषारी. पेस्टचा रिमूव्हर लावून ओलं खरवडा, खरवड गोळा करून पिशवीत बंद करा. आतला सिमेंटचा थर छिन्नी-हातोडीने. दर्जांमध्ये ग्राइंडर घालू नका, दगडाची कड फुटते.

लोणा कोरड्या ब्रशने झाडून बाहेर न्या. पाण्याने धुतला की विरघळून पुन्हा भिंतीत जातो. मग माती आणि वाळूचा पातळसर लेप, पाऊण इंच, भिंतीवर सुकू द्या. दोन-तीन आठवड्यांनी सोलून काढा. क्षार लेपात येतात. दोन-तीनदा करावं लागतं.

दर्जा भरताना: खोली दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट, किमान एक इंच. धुऊन ओल्या ठेवा. मसाला एक भाग मुरलेला चुना, एक सुरखी (विटांची भुकटी), दोन धुतलेली वाळू. एका वेळी अर्ध्या इंचाहून जाड थर नाही. वर गोणपाट टाकून सात ते दहा दिवस ओलं. चुना हवेतला कार्बन वायू घेऊन घट्ट होतो, महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर आत. घाई केली, ऊन लागलं, की वरवर कडक आणि आत पीठ राहतं.

चुना कळीचाच (न विझवलेल्या खड्यांचा) घ्या. पिंपात पाणी आधी, कळी नंतर, थोडी थोडी. उलट केलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं. चष्मा आणि हातमोजे सक्तीचे. तीन आठवडे तरी मुरू द्या, जितका जुना तितका लोण्यासारखा. गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी घालायची पद्धत चांगली आहे, पण प्रमाण त्या गवंड्याने नमुन्याच्या तुकड्यावर ठरवावं. आंधळेपणाने गूळ जास्त घातला की मसाला सुकायला फार वेळ घेतो.

भिंतीत पोकळ आवाज येतो तिथे ग्राउट (पोकळीत भरायचा पातळ मसाला). दीड-दोन फुटांवर तिरकी भोकं, १२ मिमीच्या नळ्या, चुन्याचं ग्राउट खालून वर. दाब चौरस सेंटीमीटरला एक किलोच्या आत. जास्त दाबाने दर्शनी दगड सुटतो. वरच्या नळीतून बाहेर आलं की खालची बंद करा.

रंग म्हणून चुन्याची सफेदी किंवा सिलिकेट पेंट. प्लास्टिक पेंट लावला तर तोच ऑइल पेंटचा पट्टा परत आला, फक्त नाव बदलून.

सिन्नरकर

भिंतीच्या सांध्यात पिंपळ-उंबराची रोपं असतील तर? ओढून काढावीत का?

कळीचा_चुना

ओढू नका, मुळाबरोबर दगड येतो. बुंध्याशी कापा, ताज्या कापावर तणनाशक लावा. ग्लायफोसेट असेल तर नियमाप्रमाणे परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडूनच. मूळ पूर्ण वाळल्यावर निघेल तेवढं काढून ती पोकळी ग्राउट करा. जिवंत मुळावर मसाला भरला तर पुढच्या पावसाळ्यात तोच मसाला फाडून फांदी बाहेर येते.

कौलारू

छताचं माप काढून देतो. लांबी भिंतींसह ८० फूट, दोन्ही पाख्यांची (छताच्या उतारांची) तिरकी लांबी वळचणीसकट साधारण १६ + १६. म्हणजे सुमारे २५६० चौरस फूट (पडव्या सोडून). शंभर चौरस फुटांना दीडशे कौलं धरा: ३,८४०. फुटतूट दहा टक्के, म्हणजे ४,२०० च्या आसपास. कोन्याची (आढ्यावरची) कौलं सत्तर.

सगळी नवी घेऊ नका, आणि जुनी-नवी मिसळूही नका. वेगवेगळ्या कारखान्यांच्या साच्यांत खाचा जुळत नाहीत, आणि अर्ध्या सुताची फट वाऱ्याच्या पावसाला पुरते. उतरवताना पाठीवरच्या छापाप्रमाणे ढीग लावा. बोटाने वाजवा: खणखणीत ते ठेवा, बद्द वाजलं ते बाद. एका छापाची कौलं एका पाख्यावर. (छापात १८६५ दिसलं म्हणून इमारत तेवढी जुनी ठरत नाही. ते बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढल्याचं साल आहे, कौल भाजल्याचं नव्हे. या आकड्यावरून इमारतींची वयं चुकीची सांगितली जातात, म्हणून मुद्दाम लिहितो.)

रीपा (कौलं टेकायच्या आडव्या पट्ट्या) साडेबारा इंचांवर, पण आधी तुमच्या कौलांच्या बारा ओळी जमिनीवर मांडून खरं अंतर काढा. कौलांखाली प्लास्टिकचा कागद नको. नाशिकच्या थंडीत त्याच्या खालच्या बाजूला दव धरतं आणि रीपा कुजतात. सागाच्या फळ्या, वर श्वास घेणारा मेम्ब्रेन (पाणी अडवून वाफ जाऊ देणारा पडदा), त्यावर उताराच्या दिशेने एक इंची उभ्या पट्ट्या, मग आडव्या रीपा. गळलेलं पाणी पट्ट्यांमधून वळचणीला जातं आणि उन्हाळ्यात त्याच पोकळीतून गरम हवा आढ्याकडे निघून जाते.

कैच्यांची तपासणी टोकांना करा, मधे नव्हे. कुजतं ते भिंतीत गाडलेलं टोक. अरुंद पेचकस जोर लावून खुपसा, पाव इंचाहून जास्त गेला तर तिथलं लाकूड बाद. ओलावा मीटरवर १४ टक्क्यांच्या आत ठीक, २० च्या वर कूज चालू आहे असं समजा. फक्त टोक गेलं असेल तर अख्खी कैची बदलू नका: निरोगी भागापर्यंत कापून जुन्याच सागाचा तिरका सांधा, दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या, आरपार बोल्ट. टोकाभोवती भिंतीत एक इंच मोकळी हवा ठेवा. मसाल्याने लिंपलं की पुन्हा कुजेल.

वाळवीसाठी भिंत आणि फरशीच्या सांध्यात दर फुटावर १२ मिमीचं भोक, प्रत्येकी एक लिटरपर्यंत औषध. वाळवीविषयीच्या भारतीय मानकातली, आयएस ६३१३ च्या तिसऱ्या भागातली, पद्धत हीच आहे.

मागच्या पडवीचे सिमेंटचे पत्रे जुने असतील तर अॅस्बेस्टॉसचे धरून चाला. फोडू नका, कापू नका. पाणी मारून, बोल्ट सोडून अखंड उतरवा.

पाणसळ

ती मागची पडवी म्हणजे तुमचं स्वयंपाकघराचं मोरीकाम आणि दोन्ही बाथरूम. मुख्य इमारतीत ओलं काहीच नको. पडवी नवीनच बांधायची आहे, मग सगळे पाइप बाहेरच्या बाजूने दिसते ठेवा, दगडी भिंतीत एकही खाच नाही. आरपार जावंच लागलं तर डायमंड कोअर कटर, १२५ मिमी, दर्जेवर, दगडाच्या मधोमध नव्हे.

शौचालयाच्या कोपऱ्यापर्यंत ६० फूट लाइन धरली तर ११० मिमीच्या पाइपला १:६० उताराने एक फूट उतरतो. अडीच फुटी जोत्यामुळे तो सहज मिळतो. प्रत्येक वळणावर चेंबर. जुनी सेप्टिक टाकी तशीच वापरायची ठरवलीत तर आधी उपसून तळ आणि मधली भिंत बघा. ड्रेनेजची लाइन रस्त्यात असेल तर टाकी बंद करून वाळू-मुरमाने भरा, नुसतं झाकण लावून सोडू नका.

पाण्याची टाकी कैचीवर नको, हजार लिटर म्हणजे एक टन. पडवीच्या शेजारी स्वतंत्र लोखंडी मनोऱ्यावर ठेवा. टाकीचा तळ शॉवरच्या दहा फूट वर असला तरी दाब चौरस सेंटीमीटरला ०.३ किलोच मिळतो. तेव्हा शॉवरसाठी छोटा प्रेशर पंप धरून चाला.

सिन्नरकर

दुमजली शाळेत वरच्या वर्गात बाथरूम काढायचं असेल तर? लोखंडी तुळया आणि मधे विटांच्या कमानी आहेत.

ओळंबा

@सिन्नरकर, वर्गाच्या मजल्याला चौरस मीटरला ३०० किलो चालतं (माणसं-सामानाचं) ओझं धरतात, घराला २००. म्हणून वाटतं की वाव आहे. पण खड्ड्याच्या (खाली दबलेल्या लादीच्या) बाथरूमला नऊ इंच वीटतुकड्यांचा भराव घातला की चौरस मीटरला ४०० किलोहून जास्त वजन कायमचं बसतं. ते करू नका. फरशी उचलून, भिंतीवरचा कमोड, पाइप मागून, भराव शून्य. आधी तुळयांची भिंतीतली टोकं उघडून गंज पाहा. गंज फुगतो तेव्हा कमानीच्या विटेला तुळईच्या रेषेतच तडा जातो, तीच खूण.

रविवार_कारंजा

पोटमाळ्याचं सांगा. १४ फुटांत दोन मजले बसतील?

ओळंबा

पूर्ण दोन नाही. खाली आठ फूट, माळ्याची जाडी आठ इंच. वर तुळईपर्यंत ५ फूट ४ इंच उरतात. तुळईखालून वाकूनच जावं लागेल. पण दोन कैच्यांच्या मधे तुळई नाही! आढं भिंतीच्या माथ्यापासून सुमारे पावणेसहा फूट वर आहे, म्हणजे त्या आठ फुटी गाळ्यात मधोमध ११ फूट उंची मिळते. तेव्हा माळा एकाच गाळ्यात, ८ × २० फूट, तोही टोकाच्या वर्गात. दुसऱ्या गाळ्यात पसरवू नका.

तो भिंतीवर टेकवायचा नाही. लोखंडी सहा खांब, कोपऱ्यांत चार आणि मधे एक जोडी, भिंतीपासून दोन फूट आत, कारण दगडी पाया आतल्या बाजूला पसरलेला असतो. खांबांचे पाये जोत्याच्या भरावात संपवू नका, मूळच्या घट्ट जमिनीपर्यंत न्या. भरावावर बसवलेला खांब दोन वर्षांत खचतो आणि माळा करकरतो.

मीटरबॉक्स

वायरिंग दगडात खाच न मारता, वरून पाइपात. दिव्यांना १.५, प्लगला २.५, गीझर-एसीला ४ चौरस मिमी तांबं. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवीच, स्वतंत्र अर्थिंगसह. शाळेचं जुनं मीटर सार्वजनिक सेवा वर्गवारीत असेल, ते महावितरणकडे घरगुतीत बदलून घ्या.

एक मुद्दा कुणी बोललं नाही: आवाज घुमतो. २४ × २० × १४ च्या खोलीत कठीण फरशी-भिंती असल्या की बोललेलं दुसऱ्या टोकाला कळत नाही. फळ्यांच्या छताखाली, वाशांच्या मधे एक इंची वूडवूल (लाकडाच्या तंतूंचे) बोर्ड लावले तर निम्म्याहून जास्त प्रश्न सुटतो. बाकी पुस्तकांचं कपाट आणि जाड पडदे.

रविवार_कारंजा

कामाचा क्रम महिन्यांप्रमाणे कसा लावू?

कौलारू

कौलं फेब्रुवारीत उतरवा, मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पुन्हा चढलेली हवीत. उतरवण्याआधी भिंतींच्या माथ्यावर ताडपत्री. माथा भिजला की पाणी थेट पोटातल्या भरावात उतरतं. बाहेरची चर त्याच काळात. दारं पाडणं आणि ग्राउट कौलांच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत. २०२७ च्या सिंहस्थाची कामं लक्षात घेऊन पाथरवट आणि चुन्याचा गवंडी आत्ताच ठरवा.

कळीचा_चुना

आतला चुन्याचा गिलावा मात्र पहिल्या पावसाळ्यात करू नका. चर झाल्यावर भिंतीला एक पावसाळा उघडं सोडा, ओल कुठपर्यंत उतरते त्याच्या पेन्सिलने खुणा करा, आणि ऑक्टोबर ते जानेवारीत गिलावा.

गोदाकाठची

वर्गातले फळे ठेवणार का? सागाच्या चौकटीत भिंतीतच केलेले असतात.

रविवार_कारंजा

मधल्या वर्गातला ठेवायची फार इच्छा आहे. पण त्याच्या चौकटीच्या खालच्या कडेला लोणा आलाय.

कळीचा_चुना

फळा म्हणजे चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गुळगुळीत काळा गिलावा, म्हणून कडेला लोणा येतो. चौकट जपून सोडवा, पाठीमागे नंबर टाका. सिमेंट काढून तिथे चुन्याचाच गिलावा करा. चौकटीत पाऊण इंची मरीन प्लायवर काळा रंग देऊन तो फळा भिंतीपासून एक इंच पुढे, सागाच्या ठोकळ्यांवर टांगा. वरून आणि खालून हवा खेळली पाहिजे. खडू ठेवायची फळी मूळचीच बसते.